कोयत्याचा गुन्हा काय?

खंडेनवमीला ज्या लोखंडाला आपण हळदकुंकू वाहिले, त्याच लोखंडाचे नाव दिवाळी येईपर्यंत पुन्हा गुंडांच्या यादीत जाऊन बसावे, ही गंमत आमच्या पुणे जिल्ह्यातच पाहावी! नवमीच्या दिवशी आमच्या कुरुळीच्या आसपासच्या कारखान्यांत अजस्र दाबयंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या जातात, आणि शेतकऱ्याच्या घरी कोयता, कुऱ्हाड, विळा, खुरपे धुऊनपुसून पाटावर मांडले जातात. घरची मालकीण त्यांना ओवाळते. चार दिवसांनी वर्तमानपत्र उघडावे, तो मथळा झळकतो, ‘कोयता गँगचा धुमाकूळ’! ज्याला ओवाळले, तोच आता टोळीचा नाईक झालेला असतो.

सणासुदीच्या अंकात हा लोखंडी विषय कशाला, असे कुणी विचारील. विचारणाऱ्याने आधी आपल्या स्वयंपाकघरात डोकावून यावे. विळीच्या टोकाला असलेल्या खवणीवर नारळ खवल्याशिवाय ओल्या नारळाची करंजी होत नाही. ती विळी पायाखाली दाबून आपल्या आज्या आणि आया जन्मभर बसल्या. चांगले वीतभर उघडे पाते, समोर रांगते मूल. आणि तरी कुणी विळीला ‘घातक शस्त्र’ म्हटले नाही. कारण घरातल्या प्रत्येकाला तिचे काम ठाऊक होते. माझे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. हत्याराची पारख त्याच्या कामावरून करावी. एवढे आपण पाळले, तर कोयत्यावर चाललेला अन्याय आणि परदेशी थाटाच्या चाकूंचे चाललेले फुकटचे कौतुक, दोन्ही एकदमच थांबतील.

मी कुरुळीचा. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. शाळेत चित्रकला व हस्तव्यवसाय शिकवतो, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीची इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघाले की आमचे गाव लागते. एके काळी इथे कांद्या-बटाट्याच्या बाता चालत. आता मोटारींच्या चालतात. जमिनी गेल्या, पैसे आले, आणि पैशांबरोबर नवे शौक आले. त्यांपैकी एक शौक म्हणजे ‘सर्व्हायव्हल नाइफ’, अर्थात रानावनात प्राण वाचवणारा, हाताने घडवलेला, खास आपल्या मापाचा चाकू.

या शौकाची मी थट्टा करणार आहे. पण आधी त्याचे देणे देऊन टाकतो. हाताने चाकू घडवण्याची कला गेल्या शतकात अमेरिकेत पुन्हा बहराला आली. फ्लोरिडातल्या बो रँडल नावाच्या गृहस्थाने १९३८ च्या सुमारास चाकू घडवायला घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक ते पदरमोड करून मागवू लागले. पुढे १९७६ साली तिकडच्या लोहारांनी ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ ही आपली संस्था काढली. या संस्थेची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या, दहा इंचांहून लांब नसलेल्या पात्याने टांगता सोडलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. त्याच पात्याने दोन इंची बाय चार इंची लाकडाचे दोन तुकडे तोडून आरपार करायचे. एवढे झाल्यावर त्याच धारेने दंडावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचे. ते मोडता कामा नये. या परीक्षेपुढे मी हात जोडतो. पात्यात एकाच वेळी कठीणपणा आणि चिवटपणा आणणे ही लोहारकीतली सर्वांत अवघड गोष्ट, आणि ही परीक्षा नेमके तेच तपासते.

पण आमच्याकडचे शौकीन काय करतात? माझा एक जुना विद्यार्थी इथल्याच एका कंपनीत इंजिनीअर आहे. त्याने बारा हजार रुपये मोजून असा एक चाकू करून घेतला. पाच इंची पाते, चार मिलिमीटर जाडीची पाठ, कापड आणि राळ दाबून केलेली मूठ, प्लॅस्टिकचे घट्ट म्यान. वस्तू देखणी, यात वाद नाही. दीड वर्षात त्या चाकूने काय काय कापले, असे मी विचारले. कागद, पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, आणि एकदा वाढदिवसाचा केक! “सर, पण वेळ आली तर हा जीव वाचवील,” तो म्हणाला. मी म्हटले, “अरे, वेळ यायची वाट कशाला पाहतोस? रविवारी बांधावर ये. माझा कोयताही आणतो.”

माझा कोयता म्हणजे रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाने घडवलेला. मालमोटारीच्या मोडक्या कमानीचा पाटा मीच भंगारातून नेऊन दिला होता. मजुरीचे साडेतीनशे रुपये झाले. पाते नऊ इंच लांब, अडीच इंच रुंद, पुढे चोचीसारखे वळलेले, मूठ बाभळीची.

रविवारी आम्ही दोघांनी चार कामे ठरवली. पहिले, वाळक्या बाभळीचे मनगटाएवढे दांडके तोडून त्याला कुंपणाच्या खुंटासारखे टोक काढणे. कोयत्याला अकरा घाव लागले. चाकूला वजन नाही, त्यामुळे तो दांडक्यावर आडवा धरून त्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकावे लागले. पाव तास गेला आणि माझा इंजिनीअर घामाघूम झाला. दुसरे, ओला बांबू उभा फोडून कांबी काढणे; कोयता बुडापर्यंत सरसर गेला, चाकू दोन पेरांनंतर अडू लागला. तिसरे काम नारळ सोलण्याचे. ते दोघांनाही जमले, मात्र चाकूवाल्याचा अंगठा थोडक्यात बचावला. चौथे, सुती दोर कापणे आणि काटकीचे बारीक कोरीवकाम. इथे चाकूने कोयत्याला साफ हरवले, हे मी मोकळेपणी लिहून ठेवतो. सर्व कामे झाल्यावर चाकूची धार अजून दंडावरचे केस काढीत होती. कोयत्याची काढीत नव्हती. पण विहिरीच्या काठावरच्या दगडावर पाच-सात हात फिरवताच तीही काढू लागली. रात्री दोन्ही पाती मुद्दाम दवात ठेवली. सकाळी कोयत्यावर तांबूस गंज धरला होता, चाकू स्वच्छ होता. कोयत्याला खोबरेल लावावे लागते; आळशाने तो बाळगू नये.

तात्पर्य, चाकू वाईट नाही. पण साडेतीनशे रुपयांच्या हत्याराने बारा हजारांच्या हत्याराला चारांपैकी दोन कामांत धूळ चारली, तिसऱ्यात बरोबरी केली, आणि चौथ्यात हार खाल्ली. हा निकाल माझा नाही, बाभळीचा आणि बांबूचा आहे. मग एकाला काचेच्या कपाटात मान आणि दुसऱ्याला पोलिसचौकीत जागा, हा न्याय कुठला?

आता त्या साडेतीनशे रुपयांत काय काय येते ते पाहा. मोटारीच्या कमानीचे पोलाद म्हणजे ज्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो असे, लाखो धक्के खाऊन पुन्हा सरळ होणारे पोलाद. घिसाडी ते भट्टीत लाल करतो. तो सांडशीने धरतो, आणि घण मारते त्याची बायको. हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने ‘स्त्रीशक्ती’वर भाषण करू नये, असा माझा नियम आहे. पाते बेतून झाले की खरे काम पुढेच असते. पाते पुन्हा तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवायचे. याला आपण पाणी देणे म्हणतो. तापमान कमी पडले तर पाते मऊ राहते आणि धार वळते. फार झाले तर काचेसारखे तुटते. म्हणून पाणी दिल्यावर ते पुन्हा हलके तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. या वेळी घासलेल्या पोलादावर रंग चढतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी-जांभळा, मग निळा. कोणत्या रंगावर थांबायचे हे कामावर अवलंबून. पोलाद किती तापले हे पाहायला आजचा शिकलेला कारागीर लोहचुंबक लावतो, कारण सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. आमच्या घिसाड्याजवळ चुंबक नाही. तो संध्याकाळच्या सावलीत काम करतो, म्हणजे रंग नीट दिसतो. पाण्यातून काढलेले पाते त्याच्या बायकोने ऐरणीच्या कडेला अलगद टेकवून वाजवले. मी विचारले, “हे कशाला, मावशी?” ती म्हणाली, “आवाजावरनं कळतंय, भाऊ. आत भेग आसंल तर ते फुटक्या गाडग्यावानी बोलतंय.”

हे ज्ञान तिला कुणी छापून दिले नाही. लोहार हा गावगाड्यातला बलुतेदार; त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा त्याच्यावाचून शेतीचे पान हलत नव्हते. घिसाडी तर गावाच्या वेशीबाहेरचा, भटक्या जमातींत मोडणारा. गाढवावर किंवा गाडीत संसार घालून तो शतकानुशतके गावोगाव फिरला. १९६५ साली भालजी पेंढारकरांनी ‘साधी माणसं’ या चित्रपटातून लोहार नवरा-बायकोची कथा पडद्यावर आणली, तेव्हा सबंध महाराष्ट्राने डोळे पुसले. डोळे पुसून आपण घरी आलो आणि मोंढ्यातून कारखानी विळा विकत घेतला!

“पण मास्तर,” इथे सुज्ञ वाचक मला अडवील, “तुमच्या बांधावरचा कोयता वेगळा, आणि शहरात नाचवला जातो तो वेगळा. भीती खोटी आहे काय?” नाही, खोटी नाही. २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुले जिवावर उदार होऊन मध्ये पडली म्हणून ती वाचली. पिंपरी-चिंचवडमध्ये दुकानांच्या आणि मोटारींच्या काचा फुटतात, तेव्हा गल्लीतल्या आईबापांची झोप उडते. बांधाच्या भांडणात खेड्यातही कोयते चालले आहेत. हे सारे मान्य. जो कोयता माणसावर उगारतो त्याला कायद्याने पुरेपूर शिक्षा व्हावी. त्यात माझ्याकडून दयेचा अर्ज येणार नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या टोळीचे बारसे लोखंडाच्या नावाने का करता? मोटारसायकलवरून गळ्यातली साखळी ओढणाऱ्यांना आपण ‘मोटारसायकल टोळी’ म्हणून मोटारसायकलच्या गिऱ्हाइकाकडे संशयाने पाहतो का? वर्तमानपत्राला मथळा ठसकेबाज हवा असतो हे मी जाणतो. मीही लेखणीवरच जगतो. पण हा ठसका कुणाच्या पोटावर पडतो हे पाहायला नको का? शिवाय सोळा-सतरा वर्षांच्या वाह्यात पोराला टोळीचे असे भारदस्त नाव फुकट मिळाले, तर ते त्याला शिक्षेसारखे वाटेल की पदवीसारखे? शाळेत उनाड मुलाला टोपणनाव दिले की तो ते नाव मिरवतो, हे कोणताही मास्तर सांगेल.

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यातल्या दुकानदारांनी कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधारकार्ड पाहून नोंद ठेवावी, असे पोलिसांनी सांगितल्याचे वर्तमानपत्रांत आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत लोहाराचा समावेश आहे; त्याला अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. म्हणजे सरकारच्या एका हाताने लोहाराला हातोडा द्यायचा, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या गिऱ्हाइकाची ओळखपरेड घ्यायची! रस्त्याकडेच्या पालात नोंदवही ठेवायची कुणी? ज्या बाईने माझे पाते आवाजावरून तपासले, तिला अक्षरओळख नाही. त्यांनी आता कोयते करणेच कमी केले आहे. “नस्ती भानगड नगं,” म्हणतात. खुरपी, उलथणी, झारे करतात. आणि ती तर कारखान्यातली स्वस्त मिळतात. पोराने ऐरण सोडून एका गोदामात हमाली धरली आहे.

कायदा मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येतून मुद्दाम वगळल्या. त्याखालच्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्रांच्या यादीत घातले, पण तिथेही घर, शेती, विज्ञान आणि उद्योग यांच्या कामाची पाती सोडून. आणि गावात-शहरात तंग वातावरण असेल तेव्हा हत्यार घेऊन फिरायला बंदी घालण्याचा अधिकार १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ मध्ये आहेच. माझा अडीच इंच रुंदीचा कोयता निर्दोष ठरतो तो त्याच्या कामामुळे. कायदेमंडळाला १९५९ साली जे कळले ते आपल्याला आज का कळू नये?

आमच्या खेड तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भोरगिरी-भीमाशंकरकडे जाऊन या. तिथला महादेव कोळी किंवा ठाकर कमरेच्या आकडीत कोयता अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. भातखाचराच्या राबासाठी पालापाचोळा, चुलीसाठी सरपण, पावसात पडवीला आडोसा, वाटेवर पडलेली फांदी, सगळ्यांना तो एकच कोयता. तो त्याला ‘सर्व्हायव्हल’ म्हणत नाही. आमचे शौकीन चाकूवाले शनिवारी त्याच्याच अंगणात तंबू ठोकतात, त्याच्याच हातची भाकरी खातात, आणि त्यानेच फोडून दिलेल्या सरपणाच्या शेकोटीपुढे आपला चाकू धरून फोटो काढतात! भीमाशंकरचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथे हौसेखातर फांदीला हात लावणे गुन्हा आहे, हेही त्याच माणसाला त्यांना सांगावे लागते.

आणि आणखी पूर्वेला नजर टाका. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात तिथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यामागे, खाडा कोयत्यामागे. आपल्या फराळाच्या डब्यातली साखर या कोयत्यांनी तोडलेल्या उसाची आहे. जो शब्द पुण्यात उच्चारला की दारे बंद होतात, तोच शब्द मराठवाड्यात एका संसाराचे नाव आहे. लाखो कष्टकऱ्यांचे नाव शेपन्नास मवाल्यांना बहाल करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

नुसती टीका करून मास्तरांनी थांबू नये, उत्तरही फळ्यावर लिहावे, म्हणून सांगतो. संपादकांनी ‘कोयता गँग’ हे दोन शब्द टाकून द्यावेत. गुन्हेगाराला गुन्हेगार म्हणावे, तेवढे पुरते. चाकूच्या शौकिनांनी बारा हजारांतले दोन हजार घेऊन जवळच्या लोहाराच्या पालावर जावे, चांगला पाटा न्यावा, काय काम करायचे ते सांगावे, आणि पात्यावर त्याची स्वतःची खूण ठोकून मागावी. अमेरिकन लोहाराचे नाव पात्यावर कोरलेले चालते, तर आपल्या घिसाड्याचे का नको? त्याला दोन हजार मिळाले तर त्याचा पोरगा गोदामातून ऐरणीवर परत येण्याचा निदान विचार तरी करील.

आणि शाळांनी मुलांच्या हाती हत्यार द्यावे. दचकू नका! १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांकडे घालवायचे दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्यांतला एक दिवस ऐरणीपाशी जाऊ द्या. माझ्या हस्तव्यवसायाच्या तासाला मी मुलांना बांबूच्या कांबी तासायला देतो. आकाशकंदिलाचा सांगाडा त्या कांबींचाच होतो. पहिल्या दिवशी मुले पाते हातात आल्यावर हवेत फिरवून पाहतात. तिसऱ्या दिवशी कुणी फिरवीत नाही. प्रत्येकाला आपली कांब सरळ निघायची काळजी असते. सगळी पोरे यामुळे साधू होतील असा माझा दावा नाही. पण ज्याच्या हाताला हत्याराचे काम लाभले, त्याला हत्याराचे सोंग आणावे लागत नाही, एवढे मी रोज पाहतो.

यंदा कंदील लावताना त्याची कांब एकदा बोटाने चाचपून पाहा. ती कुठल्या ना कुठल्या पात्याने तासलेली आहे, आणि ते पाते कुणीतरी घडवले आहे. त्या माणसाचे पाल तुमच्या गावाबाहेर अजून असेल, तर भाऊबिजेच्या आत घरातली बोथट विळी घेऊन तिकडे एक फेरी टाका. विळी पाजवून मिळेल, आणि त्याच्या घरीही दिवाळीचा दिवा लागेल.